पाइप क्लब म्हणजे काय? तो सुरू कसा करतात, आणि महाराष्ट्रात कायदा काय सांगतो?

पाइप क्लब म्हणजे पाइपमधून तंबाखू ओढणाऱ्या हौशी लोकांचा, ठरलेल्या दिवशी एकत्र जमणारा गट. युरोप, अमेरिका आणि जपानमध्ये असे क्लब अनेक वर्षांपासून आहेत. महाराष्ट्रात ही परंपरा रुजलेली नाही. आपल्याकडे पूर्वीपासून होती ती चिलमीची बैठक आणि गुडगुडी. आता इंटरनेटवर पाइपचे व्हिडिओ पाहून लहान शहरांतले तरुणही विचारू लागले आहेत, की असा क्लब आपल्या गावात काढता येईल का?

चंद्रपूर जिल्ह्यातील कोरपना किंवा गडचांदूरसारख्या ठिकाणी हा प्रश्न पडला, तर उत्तर फक्त "हो" किंवा "नाही" असे देता येत नाही. क्लब कुठे भरतो, तिथे काय ओढले जाते, त्यातून कोणी पैसे कमावतो का आणि तिथे कोणकोण येते, यावर सारे अवलंबून आहे. यातली एक गोष्ट चुकली तर मित्रांची बैठक गुन्हा ठरू शकते आणि जागेचा मालकही अडकू शकतो.

थोडक्यात

- स्वतःच्या घरात प्रौढ मित्रांनी आपापला पाइप ओढणे यावर बंदी नाही.
- हॉटेल, भाड्याचा हॉल, समाजमंदिर, कार्यालय, बसस्थानक अशा सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी आहे.
- महाराष्ट्रात हुक्का पार्लर चालवणे २०१८ पासून गुन्हा आहे. किमान १ वर्षाची कैद होऊ शकते.
- चिलमीत गांजा असेल तर अमली पदार्थविरोधी कायदा लागू होतो.
- पाइपचा धूर छातीत ओढला नाही तरी तो निरुपद्रवी नसतो.

पाइप क्लबमध्ये नेमके काय चालते?

बहुतेक क्लब महिन्यातून एकदा भरतात. दहा-पंधरा माणसे येतात, प्रत्येकाकडे स्वतःचा पाइप असतो. नवीन आलेला तंबाखू एकमेकांना दाखवला जातो, जुने पाइप दुरुस्त केले जातात, अदलाबदल होते आणि गप्पा होतात. पुष्कळ सदस्यांना ओढण्यापेक्षा पाइप जमवण्यातच जास्त रस असतो.

पाइप अनेक प्रकारचे असतात. सर्वांत प्रचलित म्हणजे ब्रायर लाकडाचा. भूमध्य समुद्राच्या काठी वाढणाऱ्या एका झुडपाच्या मुळाशी गाठ तयार होते, त्या गाठीतून तो कोरतात. हे लाकूड कठीण असते आणि सहज जळत नाही. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधील सेंट-क्लोद हे गाव या कामासाठी प्रसिद्ध झाले. दुसरा प्रकार मीरशॉमचा. हा पांढरा, हलका, मऊ दगड मुख्यतः तुर्कस्तानातील एस्किशेहिर भागात सापडतो. वापरता वापरता तो पिवळसर, मग तपकिरी होत जातो आणि हौशी लोकांना तेच आवडते. तिसरा प्रकार मक्याच्या बुरकुंडाचा. अमेरिकेतील मिसुरी राज्यात १८६९ पासून असे पाइप कारखान्यात बनत आहेत. हा सर्वांत स्वस्त असतो.

पाइपची वाटी भरणे हे कसब मानले जाते. तंबाखू तळाशी सैल आणि वर किंचित घट्ट भरतात. पहिल्यांदा पेटवल्यावर तो फुगतो, मग एका छोट्या दांडीने तो हलका दाबून पुन्हा पेटवतात. या दांडीला टॅम्पर म्हणतात. घट्ट भरला तर ओढ लागत नाही, सैल भरला तर भराभर जळून जीभ पोळते.

सावकाश ओढण्याची स्पर्धा

पाइप क्लबांचा खास खेळ म्हणजे सावकाश ओढण्याची स्पर्धा. सगळ्यांना सारखाच पाइप आणि सारखाच ३ ग्रॅम तंबाखू मिळतो. वाटी भरायला ५ मिनिटे मिळतात. पेटवायला दोनच काड्या आणि एकच मिनिट. त्यानंतर पुन्हा पेटवता येत नाही. ज्याचा पाइप सर्वांत शेवटी विझतो, तो जिंकतो. चांगले खेळाडू तेवढ्याच तंबाखूवर दोन-तीन तास काढतात.

म्हणजे धूर जास्त काढणारा इथे हरतो. निखारा जेमतेम जिवंत ठेवणारा जिंकतो.

चिलीम, गुडगुडी आणि पाइप यांत फरक काय?

तंबाखू भारतात पोर्तुगीजांबरोबर आला आणि दख्खनमार्गे उत्तरेत गेला. अकबराचा दूत असद बेग याने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला विजापूरहून तंबाखू आणि ओढण्याचे साहित्य बादशहापुढे नेले, अशी नोंद आहे. पुढे जहांगीरने १६१७ मध्ये तंबाखूवर बंदी घातली, पण ती टिकली नाही.

आपल्याकडे तंबाखू तीन रीतींनी ओढला गेला. चिलीम मातीची, सरळ नळीसारखी. तळाशी खडा, खालच्या तोंडाला ओल्या फडक्याची छापी. ती हातोहात फिरते. हुक्का आणि गुडगुडीत धूर पाण्यातून येतो. तिसरी रीत पानाच्या विडीची. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातला तेंदूपत्ता यासाठीच तोडला जातो. कोरपना तालुका तेलंगणाच्या सीमेला लागून असल्याने तिकडचा जाडजूड चुट्टाही या भागाला अनोळखी नाही.

चिलीम आणि हुक्का वाटून ओढायचे असतात, तर पाइप ज्याचा त्याचा असतो. क्लबच्या दृष्टीने हा मोठा फरक आहे. एकाची नळी दुसऱ्याने तोंडात घ्यायची नाही, हा पाइप क्लबांचा साधा नियम आहे. वाटून ओढण्यात आपलेपणा असतो, पण एकाच्या तोंडाचा संसर्ग दुसऱ्याकडे जाण्याचा धोकाही असतो. ज्या तालुक्यात क्षयरोगाचे रुग्ण आहेत, तिथे हा मुद्दा किरकोळ नाही.

जागेबाबत कायदा काय सांगतो?

सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये मुरली देवरा विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान थांबवण्याचा आदेश दिला. देवरा हे मुंबईचे खासदार होते. त्यानंतर २००३ मध्ये संसदेने सिगारेट आणि इतर तंबाखूजन्य उत्पादने कायदा केला. तो 'कोटपा' नावाने ओळखला जातो. 'तंबाखूजन्य उत्पादने' यात पाइपचा तंबाखूही येतो.

कलम ४ नुसार सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान करता येत नाही. सार्वजनिक ठिकाण म्हणजे जिथे लोकांचा वावर असतो अशी जागा, मग तो हक्काने असो वा नसो. हे शब्द महत्त्वाचे आहेत. "आमचा क्लब फक्त सभासदांसाठी आहे" एवढे म्हटल्याने भाड्याचा हॉल खासगी ठरत नाही. २ ऑक्टोबर २००८ पासून लागू झालेल्या नियमांनी कामाची ठिकाणे, मॉल आणि चित्रपटगृहेही यात आणली. मोकळी जागा एरवी बंदीत येत नाही, पण स्टेडियम, रेल्वे स्थानक, बस थांबा आणि लोकांची ये-जा असलेल्या तशाच जागा येतात. म्हणून गडचांदूरजवळच्या अमलनाला धरणासारख्या सहलीच्या ठिकाणी क्लबचा कार्यक्रम ठेवणेही धोक्याचे आहे.

नियम मोडणाऱ्याला २०० रुपयांपर्यंत दंड होतो. जागेच्या मालकावर किंवा व्यवस्थापकावरही जबाबदारी असते. त्याने धूम्रपानबंदीचा फलक लावायचा असतो आणि राखदाणी, काडेपेटी, लायटर ठेवायचे नसतात. त्याने दुर्लक्ष केले तर तिथे जितके गुन्हे घडले, त्या प्रमाणात त्यालाही दंड होतो.

३० किंवा अधिक खोल्यांचे हॉटेल, ३० किंवा अधिक आसनांचे उपाहारगृह आणि विमानतळ यांना वेगळी धूम्रपान खोली ठेवण्याची मुभा नियमांत दिली गेली. तिला चारही बाजूंनी भिंती हव्यात, हवा बाहेर फेकण्याची सोय हवी आणि तिथे दुसरी कोणतीही सेवा देता येत नाही. म्हणजे चहा-नाश्ता मागवत पाइप ओढत बसणे या खोलीतही बसत नाही.

परदेशातही चित्र फार वेगळे नाही. इंग्लंडमध्ये १ जुलै २००७ पासून बंदिस्त सार्वजनिक जागांत धूम्रपान बंद झाले आणि ही बंदी सभासदांच्या खासगी क्लबांनाही लागू झाली.

हुक्का पार्लरवरील बंदी पाइप क्लबला लागते का?

मुंबईत लोअर परळच्या कमला मिल परिसरात २८-२९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्री आग लागली आणि १४ जणांचा बळी गेला. अग्निशमन दलाच्या चौकशीत हुक्क्याच्या निखाऱ्यांकडे बोट दाखवले गेले. त्यानंतर महाराष्ट्राने कोटपा कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती केली आणि २०१८ मध्ये हुक्का पार्लर बंद झाले.

या दुरुस्तीनुसार कोणीही स्वतः किंवा दुसऱ्याच्या वतीने, खाद्यगृहासह कोणत्याही ठिकाणी हुक्का बार उघडू किंवा चालवू शकत नाही. शिक्षा किमान १ वर्ष ते कमाल ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते १ लाख रुपये दंड. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलीस न्यायालयाच्या परवानगीची वाट न पाहता कारवाई करू शकतात.

कायद्यातला शब्द 'हुक्का' आहे. ब्रायरचा पाइप म्हणजे हुक्का नव्हे. पण "पाइप क्लब" अशी पाटी लावून आत हुक्का पुरवला, तर पाटीवरचा शब्द कोणालाही वाचवत नाही. प्रवेश फी, सेवा आणि पुरवठा आला की ती मित्रांची बैठक राहत नाही, धंदा होतो.

सुरू करायचा असेल तर पायऱ्या

१. जागा आधी ठरवा. राहते घर, अंगण किंवा स्वतःचे शेत याच त्यातल्या त्यात सुरक्षित जागा आहेत. घर भाड्याचे असेल तर मालकाला आधी सांगावे. घरात लहान मूल, गरोदर स्त्री, दम्याचा किंवा क्षयाचा रुग्ण असेल तर ती जागा बाद समजावी. खिडक्या उघडल्या म्हणून धूर निरुपद्रवी होत नाही.

२. नोंदणीच्या मागे लागू नका. संस्था नोंदणी अधिनियम १८६० खाली संस्था काढायला किमान ७ जण लागतात. पण त्या कायद्यातले उद्देश धर्मादाय कार्य, विज्ञान, साहित्य, कला अशा स्वरूपाचे आहेत. फक्त धूम्रपानासाठीची संस्था त्यात बसवणे अवघड आहे. मित्रांचा नोंदणी नसलेला गट पुरेसा असतो. जुने पाइप, चिलमी, चंच्या, गुडगुड्या जमवणारा संग्राहकांचा गट असेल, तर मात्र नोंदणीला खरा उद्देश मिळतो.

३. वयाची अट पाळा. १८ वर्षांखालील व्यक्तीला तंबाखू विकता येत नाही. बाल न्याय कायदा २०१५ नुसार मुलाला तंबाखू देणाऱ्याला ७ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कोणीतरी धाकट्या भावाला सोबत आणतो आणि इथेच चूक होते.

४. खरेदी ज्याची त्याने करावी. क्लबने तंबाखू आणून सभासदांना सुटा विकू नये. तंबाखूच्या पाकिटावर ८५ टक्के जागेत चित्रमय इशारा लागतो. सुट्या पुडीवर तो नसतो. शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या, म्हणजे सुमारे ९१ मीटरच्या आत तंबाखूची विक्री करता येत नाही.

५. प्रायोजक घेऊ नका. कलम ५ नुसार तंबाखूच्या जाहिरातीला आणि प्रायोजकत्वाला बंदी आहे. स्पर्धेचे बक्षीस तंबाखू कंपनीकडून घेणे, व्हॉट्सअ‍ॅपवर ब्रँडचे पोस्टर फिरवणे, रीलमध्ये पाकीट दाखवून "घ्याच" म्हणणे, हे सगळे यात अडकू शकते. पहिल्या गुन्ह्याला २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

क्लब चालवताना कोणते नियम हवेत?

नियम थोडे आणि स्पष्ट असावेत. बहुतेक क्लब हे पाळतात:

- प्रत्येकाने स्वतःचाच पाइप वापरायचा.
- बैठकीला सुरुवातीची आणि शेवटची वेळ असावी. दोन तास पुरे.
- न ओढणाऱ्यालाही सभासद होता यावे. कोणालाही "एक तरी ओढ" असा आग्रह करायचा नाही.
- दारू आणि पाइप एकत्र नको. भांडण आणि आग दोन्हींची शक्यता वाढते.
- वर्गणी फक्त चहा आणि साफसफाईपुरती. हिशेब सगळ्यांसमोर.
- ज्याला सोडायचे आहे, त्याची चेष्टा नाही. क्लब सोडला तरी मैत्री तशीच.

शेवटचा नियम कागदावर सोपा वाटतो. पण माणसे व्यसनापेक्षा सोबतीसाठी बसतात आणि सोबत तुटेल म्हणून ओढत राहतात. पूर्वी गावात एखाद्याचे हुक्कापाणी बंद करणे म्हणजे त्याला वाळीत टाकणे होते. क्लबमध्ये नकळत तसेच होऊ नये.

चिलमीत गांजा असेल तर?

मग तो पाइप क्लब राहत नाही. अमली पदार्थविरोधी कायदा १९८५ नुसार गांजा बाळगणे आणि ओढणे गुन्हा आहे. अल्प प्रमाण, म्हणजे १ किलोपर्यंत सापडला तरी १ वर्षापर्यंत कैद किंवा १० हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. आपली जागा अशा कामासाठी जाणूनबुजून वापरू देणाऱ्यालाही शिक्षा आहे. घर एकाचे, पुडी दुसऱ्याची, असे म्हणून घरमालक सुटत नाही.

ई-सिगारेट आणि व्हेप यांचे उत्पादन, विक्री, साठवण आणि जाहिरात यांवर देशभर २०१९ पासून बंदी आहे.

कोरपना परिसरात वेगळी काळजी कोणती?

पहिली काळजी आगीची. महाराष्ट्रात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम मानला जातो. याच दिवसांत मोहफूल वेचणे आणि तेंदूपत्ता तोडणे चालते, आणि जंगलाखाली वाळलेल्या पानांचा थर असतो. पाइपमधला निखारा राखेखाली बराच वेळ जिवंत राहतो. पायरीवर पाइप आपटून तो झाडून टाकण्याची सवय जंगलालगतच्या शेतात महागात पडते. राख पाण्याच्या डब्यातच टाकावी. राखीव जंगलात आग लावणे किंवा आग पेटती सोडून जाणे भारतीय वन अधिनियम १९२७ खाली गुन्हा आहे. वणव्यात तेंदूपत्ता जळाला तर अनेक घरांची उन्हाळी मजुरी जाते.

दुसरी काळजी खर्ऱ्याची. इथले मोठे व्यसन पाइप नाही, विडीही नाही. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला खर्रा हे ते व्यसन. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते. त्यात धूम्रपान करणारे ३.८ टक्के आणि धूररहित तंबाखू घेणारे २४.४ टक्के. काही जण दोन्ही करतात. "खर्रा सुटावा म्हणून पाइप धरतो" असे कोणी म्हणत असेल, तर तो तंबाखू सोडत नाही, फक्त वाट बदलतो.

शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात याच्या उलट दिशेचे गट आहेत. २०१६ पासून राज्य सरकार, डॉ. अभय बंग यांची 'सर्च' संस्था आणि टाटा ट्रस्ट यांच्या सहभागाने 'मुक्तिपथ' हे अभियान सुरू झाले. त्यात गावोगावी संघटना उभ्या राहिल्या आणि दारू-तंबाखूची विक्री थांबवण्याचे निर्णय गावाने घेतले. एकत्र बसून तंबाखू ओढता येतो, तसा एकत्र बसून सोडताही येतो, हे या गटांकडून दिसते.

पाइप सिगारेटपेक्षा कमी घातक असतो का?

हा सर्वांत मोठा गैरसमज आहे. पाइप ओढणारे बहुधा धूर छातीत घेत नाहीत, हे खरे. पण पाइपच्या धुराचा गुणधर्म असा असतो, की निकोटीन तोंडाच्या आतल्या त्वचेतूनच रक्तात उतरते. म्हणून व्यसन लागते. ओठ, तोंड, घसा, अन्ननलिका आणि फुप्फुस यांच्या कर्करोगाचा धोका पाइपमुळेही वाढतो. धूम्रपान करणाऱ्याला क्षयरोग होण्याचा धोका न करणाऱ्याच्या सुमारे दुप्पट असतो. सिमेंट कारखाने आणि खाणींच्या धुळीत काम करणाऱ्याच्या फुप्फुसांवर आधीच भार असतो, हे गडचांदूर परिसरात विशेष लक्षात ठेवावे.

तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, तोंड कमी उघडणे, गिळताना त्रास यांपैकी काही दिसले तर ग्रामीण रुग्णालयात दाखवावे. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्रमांकावर मोफत समुपदेशन मिळते.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*घराच्या गच्चीवर मित्रांसोबत पाइप ओढला तर पोलीस पकडतील का?*
स्वतःच्या घराची गच्ची सार्वजनिक ठिकाण नाही. इमारतीची सामाईक गच्ची, जिना किंवा सभागृह असेल तर वाद होऊ शकतो. शेजाऱ्याच्या घरात धूर जाऊ नये.

*परदेशातून येणारा नातेवाईक किती तंबाखू आणू शकतो?*
२०१६ च्या बॅगेज नियमांत शुल्कमुक्त मर्यादा १२५ ग्रॅम तंबाखू अशी होती. प्रवासाआधी चालू नियम सीमाशुल्क विभागाकडे पाहावा.

*दुकानाच्या मागच्या खोलीत क्लब भरवता येईल का?*
नाही. दुकान कामाचे ठिकाण आहे आणि तिथे ग्राहकांचा वावर असतो.

*तंबाखूशिवाय पाइप क्लब होऊ शकतो का?*
हो. पाइप आणि चिलमींचा संग्रह, कोरीवकाम, दुरुस्ती, जुन्या वस्तूंचे प्रदर्शन यांना कुठलीच बंदी नाही. असा गट शाळेच्या सभागृहातही भरू शकतो, त्यात मुलेही येऊ शकतात आणि घरातल्या आजोबांची माळ्यावर पडलेली गुडगुडी पुन्हा खाली उतरते.